काचपट्टीवरचा भाऊ

"हात वर कर. सगळ्यांना दिसू दे."

मी हात वर केला. तास घेणाऱ्या डॉक्टरांनी माझी बाही कोपरापर्यंत सरकवली. धुळ्याला नर्सिंग शिकायला आले तेव्हा युनिफॉर्मच्या बाह्या मी मुद्दाम लांब शिवून घेतल्या होत्या. गोंदण दिसू नये म्हणून. कुणी गाव विचारलं की सांगायची, शिरपूरकडचं. पुढचं विचारूच द्यायची नाही. ते गोंदण आता तीस मुली बघत होत्या.

बोटाला सुई टोचली. थेंब काचपट्टीवर घेतला, त्यात औषध घातलं.

"भिल्लांमध्ये हे रक्त सापडतं. आपल्या पेशी गोल, यांच्या विळ्यासारख्या वाकतात. तुमच्यात घरातल्या घरात लग्नं लागतात ना गं? त्याचंच फळ."

मुली फिदीफिदी हसल्या.

आमच्याकडे सोयरीक घेऊन पाहुणा आला, की पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी कूळ विचारतात. एकच कूळ निघालं तर पाहुणा आल्या पावली परत. एवढंच सांगायचं होतं. मी बाही खाली ओढून घेतली.

दुपारी सगळ्या जणी रांगेने सूक्ष्मदर्शकात डोकावल्या. माझी पाळी शेवटची. ती आली तोवर शिपायाने पट्टी उचलली.

"मलाही बघू द्या, सर."

"तुला काय बघायचंय? तुझ्या अंगातच आहे की."

त्या रात्री मला भाऊ आठवत राहिला. आश्रमशाळेत होता, अकरा वर्षांचा. सुट्टीत घरी आला तो पाय धरून विव्हळतच. डोळे पिवळे झाले. तीन दिवस ओरडला आणि गेला. बडव्याने, म्हणजे आमच्या भगताने, दाणे टाकून कौल पाहिला आणि काकीचं नाव घेतलं. काकीला मूलबाळ नव्हतं. त्याला तिनेच कडेवर वाढवलेलं. ती डाकीण ठरली. बाने, माझ्या बापाने, तिला केस धरून घराबाहेर काढलं. पोरं दगड मारत नाल्यापर्यंत गेली. दगड मीही उचलला होता. मारला नाही. पण उचलला होता, हे मी कुणाला आजवर सांगितलेलं नाही.

हिवाळ्यात तेच डॉक्टर या रक्ताच्या तपासणीला आमच्याच पाड्यावर निघाले. बोली येणारी कुणीतरी हवी, म्हणून मला जीपमध्ये घातलं.

"यांना सांग, हिवतापाची तपासणी आहे. जास्त फोड करत बसू नको."

हिवतापवाला कर्मचारी दर पंधरवड्याला दारात येऊन बोट टोचायचा. त्यामुळे आमच्या लोकांना सवय होती. सुई दिसली की बोट पुढे. मी सांगितलं, हिवताप. माझी माणसं, माझ्या भरवशावर, एकामागून एक बोट देत गेली. शेवटी बा आला.

"बेटी, हाई हिवतापनंच शे ना?"

"हा बा."

मी त्याचं बोट धरलं आणि सुई टोचली.

जेवणाच्या सुट्टीत नावं लिहायला डॉक्टरांनी आपली वही माझ्याकडे दिली. मागची पानं चाळली. आश्रमशाळेची यादी. त्यात माझ्या भावाचं नाव. बाचं नाव, पाड्याचं नाव. पुढे लाल शाईत, आईबाप दोघांकडून आलेला आजार. तारीख त्याच्या मरणाच्या दीड वर्ष आधीची.

वही घेऊन मी डॉक्टरांपुढे उभी राहिले. ते डबा खात होते.

"सर, हा माझा भाऊ. तुम्हाला माहीत होतं. घरी का नाही सांगितलं?"

"सांगून काय होणार होतं? बरं करणारं औषध नाही याला. आणि तुम्हा लोकांना काय कळणार होतं?"

औषध नव्हतं, कबूल. पण काकी होती.

मी बाहेर गेले. बाकड्यावर चढले आणि आमच्या बोलीत सगळं सांगितलं. हिवतापाचं खोटं बोलले, तेही. हे रक्त एका बाजूने आलं तर माणूस बहुधा धडधाकट राहतो, जशी मी. दोन्हीकडून आलं तर लेकरू दुखण्याने पिळून निघतं. यात पाप नाही, नजर नाही, कुणाची करणी नाही. आपला पोरगा याने गेला.

मग बा म्हणाला, "मंग तुनी काकी डाकीण नव्हती?"

"नव्हती, बा."

तो होता तिथेच मातीत बसला. जीपमधून डॉक्टर माझ्या नावाने ओरडत होते.

काकीबद्दल मी शिरपूरच्या बाजारात विचारलं, पाड्यापाड्यांवर विचारलं. सापडली नाही. जिवंत आहे का, तेही कुणी सांगू शकलं नाही. त्या दीड वर्षासाठी मी डॉक्टरांना माफ केलेलं नाही. हातातल्या त्या दगडासाठी स्वतःलाही नाही. यापुढे मी धरीन ते बोट आधी खरं सांगून धरीन, आणि रक्तात निघेल ते त्याच्याच दारात जाऊन सांगीन. त्यासाठी मला नर्सिंगमधून काढून टाकायचं तर खुशाल टाका.

धुळ्याला परतल्यावर बाह्या कापल्या. पुढच्या तासाला डॉक्टरांनी पुन्हा माझं बोट मागितलं. मी दिलं. पट्टी तयार झाली, मुली रांग लावायला लागल्या. मी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"माझं रक्त आहे," मी म्हणाले. "आधी मी बघणार."