टिटवाळ्याला, मुंग्यांचं घर बघायला

यांच्या दहाव्याला कावळा लवकर शिवेना. घाटावर आम्ही दीड तास उभे होतो. प्रत्येकजण पुढे होऊन काहीतरी कबूल करत होता. दीर म्हणाले, "गावचं घर आम्ही नीट ठेवू." मुलगा म्हणाला, "आईला मी सांभाळेन, बाबा." नणंद मीना रडत म्हणाली, "दादा, काय राहिलंय रे तुझं?" शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि विधी उरकला.

काय राहिलं होतं ते मला माहीत होतं, पण चारचौघांत सांगायची लाज वाटली. टिटवाळ्याला नदीकाठी मुंग्यांचं एक घर होतं. ते बघायला चल, असं हे मला दोन वर्षं म्हणत होते आणि मी दर रविवारी काहीतरी कारण काढत होते.

हे अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यावर त्यांना मुंग्यांचा नाद लागला. एका जाड वहीत जगभरच्या मुंग्या पेन्सिलने काढलेल्या आहेत. दक्षिण अमेरिकेतली झाडावरची मुंगी, जिचं डोकं ताटलीसारखं चपटं असतं आणि ती तेच डोकं दारात अडकवून घर बंद करते. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या मधाच्या मुंग्या, छताला द्राक्षांसारख्या लटकलेल्या. सहारातली चंदेरी केसांची मुंगी, जी भर दुपारी बाहेर पडते. बोर्निओतली मुंगी शत्रू आला की स्वतःचं पोट फोडून त्याला चिकट्यात अडकवते. प्रत्येक चित्राखाली "आपल्याकडे?" असं लिहून जागा सोडलेली. तिथे येऊर, टिटवाळा, आमच्या सोसायटीचा जिना अशी नावं.

दसरा झाल्यावर मी ठरवलं की ती वही घेऊन दोन दिवस फिरायचं. डोंबिवलीत राहून आमच्याच जिल्ह्यात असा प्रवास मी कधी केला नव्हता. मीना ठाण्याला राहते, ती सोबत आली.

पहिला दिवस येऊरच्या जंगलाचा. ठाणे स्टेशनाच्या पश्चिमेकडून बस मिळते, पण फेऱ्या कमी आहेत. आम्ही रिक्षा केली. सकाळी लवकर जावं, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पाणी जवळ ठेवावं. पोहोचल्यावर टपरीवर चहा घेतला तेव्हा मीना म्हणाली, "वहिनी, अगं मुंग्या बघायला रिक्षा करून कोण येतं? माझ्या ओट्यावर फुकट आहेत."

"तुझ्या ओट्यावर पानं शिवतात का?" मी म्हणाले.

रस्त्यालगत एका झाडावर पानं एकमेकांना चिकटवून केलेला, नारळाएवढा हिरवा गोळा होता. त्यावर लाल मुंग्या धावत होत्या. मीना लगेच मागे सरली. "ही तर ओंबील! गावाला आंब्यावर असायची. दादा एकदा चड्डीत शिरली म्हणून तळ्यात उडी मारून बसला होता." ती हसली, आणि मग पदराने डोळे पुसले.

वहीत लिहिलं होतं की या मुंग्या आपल्या अळ्यांना तोंडात धरून पानांच्या कडांवरून फिरवतात. अळीच्या तोंडातून धागा निघतो आणि त्याने पानं जोडली जातात. ऑस्ट्रेलियात हिच्या बहिणीचं पोट हिरवं असतं. मी यांचं भिंग लावून पाहिलं. पानांमधला पांढरा धागा स्पष्ट दिसला. आमच्या जिन्यात चित्र काढत बसलेल्या माणसाला मी कितीदा म्हटलं असेल, "त्यात काय बघायचंय एवढं?" दुपारी आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी टिटवाळा. डोंबिवलीहून थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर कल्याणला बदलावी लागते. आम्ही बदलली. टिटवाळा स्टेशनाबाहेर शेअर रिक्षा देवळापर्यंत नेतात. मीनाने गणपतीचं दर्शन घेतलं. बाहेर आम्ही बटाटेवडे खाल्ले. चांगले गरम होते.

तिथून पुढे यांनी वहीत नकाशा काढला होता. देवळामागून नदीकडे जाणारा रस्ता, वीटभट्टी, तिच्या अलीकडे बाभूळ. आम्ही तासभर चाललो. वीटभट्टी नव्हती. जिथे असावी तिथे सहा मजली इमारत होती, पुढे मातीचा भराव. बाभूळ तर कुठेच नाही. ऊन चढलं होतं.

"राहू दे आता," मीना म्हणाली. "मनात होतं ना आपल्या, पोहोचलं त्याला."

मला ते पटलं नाही. मी भरावाच्या कडेने चालत राहिले. तिथे एक म्हातारे गृहस्थ म्हशी चारत होते.

"काय शोधताव, बाई?"

मी वही उघडून चित्र दाखवलं. मातीच्या पाकळ्यांचं गोल फूल आणि मधोमध भोक. त्यांनी वही लांब धरून पाहिली.

"ह्ये त्या चष्मेवाल्या सायबांचं. पयल्यांदा पाह्यलं तवा भुईवर आडवे पडलेले. मला वाटलं माणूस गेला! पानी घेऊन धावलो, तं मलाच म्हनतात, हळू, पाय नको ठेवू." मीनाला हसू आलं. ते पुढे म्हणाले, "मंग दर म्हैन्याला यायचे. शेवटी आले तवा बोलले, पुढल्या वेळी मालकिनीला घेऊन येतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच का? आन् सायब?"

"ते गेले," मी म्हणाले. "श्रावणात."

इतक्या दिवसांत हे वाक्य मी स्वतः पहिल्यांदा उच्चारलं. घरी सगळं मुलानेच लोकांना सांगितलं होतं.

म्हाताऱ्यांनी डोक्याचा रुमाल काढला. मग म्हणाले, "या माझ्या मागं. भराव घातला तवा त्ये गेलं. पन बांधाच्या पल्याड दुसरं हाय."

बांधापलीकडे कडक जमिनीवर ते होतं. तळहाताएवढं. कागदासारख्या पातळ मातीच्या भिंती एकीत एक, उमललेल्या गुलाबासारख्या. बाहेर गवताच्या बियांच्या टरफलांचा ढीग. मुंग्या अगदी साध्या, तपकिरी, बारीक. आपल्या पायाखाली येतात तशाच. पाऊस पडला की पाणी आत जाऊ नये म्हणून या भिंती असाव्यात, असं वहीत लिहिलं आहे. शेवटी प्रश्नचिन्ह आहे.

मी साडीचा पदर खोचला आणि जमिनीवर पालथी पडले. मीना म्हणाली, "वहिनी, अगं लोक बघतायत." मग तीही शेजारी येऊन बसली. एक मुंगी मातीचा कण घेऊन आतून वर आली, भिंतीच्या कडेवरून चालत गेली, कण ठेवला, पुन्हा आत गेली. आम्ही तेच बघत होतो. किती वेळ ते माहीत नाही.

परतताना गाडीत दोघींना बसायला जागा मिळाली. संध्याकाळी घरी आले, आंघोळ केली, भात टाकला.

जाणाऱ्यांसाठी सांगते: पावसाळा संपता संपता जा. भराव झपाट्याने पुढे सरकतोय, त्यामुळे उशीर करू नका. मोठं काही नसतं, वाकल्याशिवाय दिसत नाही.

मला वाटलं होतं, एकदा बघून आले की मन मोकळं होईल. तसं झालं नाही. जेवताना मी समोरच्या खुर्चीकडे बघून विचारणार होते की नवी भिंत त्या आतून सुरू करतात की बाहेरून? आणि जोराच्या पावसात ती विरघळली तर पुन्हा पहिल्यापासून? बत्तीस वर्षांच्या संसारात मी यांना मुंग्यांबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता.