धाकटीने मशीन घेतलं

बाई गं, एवढं पॉलिशचं मशीन कशासाठी घेतेस, असं कुणी विचारलं असतं तर धाकटीने सरळ सांगितलं असतं: मोठ्या दिराचं नाक कापायला. पण कुणी विचारलं नाही. घरच्यांना वाटलं, पोटापाण्यासाठी घेत असेल. पोटापाण्यासाठी तर ती दोन वर्षं घरी बसून गाड्यांची सीट कव्हरं शिवतच होती, आणि टाक्यागणिक दिराला शिव्या घालत होती.

घरचं गॅरेज होतं. नवरा चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचा, मोठे दीर म्हणजे भाऊजी रंग आणि पॉलिशचं बघायचे. धाकटी लग्न होऊन आली ती डबा द्यायला म्हणून गॅरेजात जायला लागली आणि तिथेच रमली. आधी फडकी धरली, मग मशीन धरलं. तिचा हात इतका बसला की गिऱ्हाइकं येऊन विचारायला लागली, "धाकट्या वहिनी आहेत का?" इथेच भाऊजींच्या पोटात दुखायला लागलं. स्वतःच्या दुकानात कुणी दुसऱ्याला विचारलेलं त्यांना खपत नसे, मग ती भावजय का असेना.

त्यात ती शाळेच्या बाईंची लाल गाडी आली. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, कागदापेक्षाही पातळ, आणि बॉनेटच्या कडेला तर नावापुरता. म्हणून पॉलिश करताना कडांना चिकटपट्टी लावून घ्यायची, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. भाऊजींना चिकटपट्टीचा कंटाळा. त्यांनी तसंच मशीन कडेवर नेलं, जरा जास्त टेकवलं आणि रंग जळून खालचं पांढरं अस्तर उघडं पडलं. धाकटी शेजारच्या गाडीच्या काचा पुसत होती. भाऊजी म्हणाले, "हे धर जरा," आणि मशीन तिच्या हातात देऊन बाहेर गेले. परत आले ते बाईंना घेऊनच. म्हणाले, बघा, बायकांच्या हातात मशीन दिलं की हे असं होतं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. धाकटीने तोंड उघडलं, पण कुणी ऐकेना. नवरा हातातल्या हातोडीकडे बघत मूग गिळून उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून तिने गॅरेजात यायचं नाही असं ठरलं, आणि आठवडाभरात साऱ्या बाजारात तिचं नाव पडलं: जळका हात. एकदा असं नाव पडलं की कुणी तुम्हाला गाडीच्या चाकाला हात लावू देत नाही. काम गेलं याचं तिला दुःख होतंच, पण नाव गेलं ते तिला सहनच होत नव्हतं. ते तिला परत हवं होतं, आणि ज्याने घालवलं त्याच्याच तोंडून हवं होतं.

म्हणून मशीन. हत्यारांच्या दुकानात ती एक जुना काळा मडगार्ड काखेत मारून शिरली. भंगारवाल्याकडून आणलेला, रेघांनी भरलेला. विक्रेत्याने आधी मडगार्डकडे पाहिलं, मग तिच्या मागे कोणी पुरुष येतोय का तिकडे. येत नव्हता. मग त्याने उसासा टाकून रोटरी काढली. सरळ गरागरा फिरणारी, दणकट, भाऊजींकडे होती अगदी तशीच. धाकटीचा हात आपोआप तिच्याकडे गेला. ज्या मशीनने माझं नाव जाळलं त्याच मशीनने दिराला धूळ चारायची, यात काय मजा आली असती! तिने ते चालू करून मडगार्डवर टेकवलंसुद्धा. झपाट्याने काम होत होतं. पण पत्र्याला हात लावला तर चटका बसला, आणि उजेडात धरल्यावर मशीन फिरल्याच्या गोल गोल रेघा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसायला लागल्या. या रेघा ती वर्षानुवर्षं भाऊजींच्या गाड्यांवर बघत आली होती. भाऊजी त्यावर तेलकट पॉलिश चोपडायचे. गिऱ्हाईक घरी जाईपर्यंत गाडी आरशासारखी, चार वेळा धुतली की पहिले पाढे पंचावन्न.

तिने रोटरी खाली ठेवली आणि ऑर्बिटल मागितलं. त्याची चकती नुसती फिरत नाही, फिरता फिरता डोलतेही, त्यामुळे पत्रा तापत नाही आणि जाळंही उठत नाही. फक्त वेळ लागतो. विक्रेता म्हणाला, ते शिकाऊ लोकांचं. ती म्हणाली, दाखवा तर खरं. त्याने तीन मशीनं मांडली. धाकटीने पिशवीतून मार्कर काढला आणि तिन्ही चकत्यांच्या कडेवर एकेक काळी रेघ ओढली. विक्रेता ओरडणार होता, पण तिच्या तोंडाकडे बघून गप्प बसला. आता या मशीनची एक खोड असते. जास्त दाबलं तर ते थरथरत राहतं पण चकती फिरायची थांबते, आणि आवाजावरून ते कळत नाही. काळी रेघ फिरताना दिसली तरच काम चाललंय असं समजायचं. पहिलं मशीन नुसत्या हाताच्या वजनाने अडलं. दुसरं मडगार्डच्या गोलाईवर अडलं. तिसरं दिसायला कळकट, वायर लांब, मूठ जाड, पण रेघ फिरत राहिली. तिने तेच घेतलं. चकतीवर चढवायचे पॅड दोन प्रकारचे घेतले, एक रेघा कापणारा आणि एक मऊ फोमचा.

पॉलिशच्या बाटल्यांचं आणखी रामायण झालं. विक्रेत्याने सर्वांत महागडी पुढे केली. ती लावताच मडगार्ड लखलखला. धाकटीने स्पिरिटने पुसून काढलं, तर खालच्या सगळ्या रेघा जशाच्या तशा. "ही पावडर-लाली झाली," ती म्हणाली, "मला दुखणं बरं करणारं द्या." शेवटी कोपऱ्यातली एक साधी बाटली निघाली. तेल नाही, मेण नाही, चमकही बेताची, पण पुसल्यावर जे दिसलं ते खरं होतं. त्याच्यासोबत तिने स्पिरिटची मोठी बाटली घेतली. ती बाटली मात्र तिने अगदी प्रेमाने पिशवीत ठेवली.

मग ती जुन्या गाड्या विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे गेली. त्याच्या सगळ्या गाड्यांचं पॉलिश भाऊजींकडे होतं, म्हणूनच गेली. तिने पूर्ण गाडी मागितली नाही. एका बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी मारा, म्हणाली, अर्धं भाऊजी करतील, अर्धं मी. या धंद्यात नवा कारागीर असाच पारखतात, त्यामुळे व्यापाऱ्याला नाही म्हणता येईना. शिवाय दीर-भावजयीची जुंपलेली फुकटात बघायला कुणाला नको असतं?

भर दुपारी व्यापाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये काळी गाडी उभी केली. आजूबाजूचे टायरवाले, बॅटरीवाले जमले. भाऊजी आले ते हसतच, बरोबर धाकटीच्या नवऱ्याला घेऊन. येतानाच म्हणाले, "बॉनेटला विमा उतरवलाय ना?" सगळे हसले. धाकटीने आपल्या बाजूच्या कडांना पट्ट्या लावल्या, मशीन टेकवलं आणि दातओठ खात दाबलं. तिला वाटलं, मशीन दणदणीत चाललंय. मग खाली पाहिलं तर काळी रेघ जागच्या जागी उभी. तिचा सगळा राग चकतीवर बसला होता आणि काम शून्य होत होतं. तिने श्वास सोडला, हात सैल केला. रेघ फिरायला लागली. पुन्हा भाऊजी काहीतरी बोलले, पुन्हा रेघ थांबली, पुन्हा तिने हात सैल केला. राग कुठे जाणार होता? तिने तो तोंडात धरून ठेवला, हातात उतरू दिला नाही.

भाऊजींचं कधीच आटोपलं. तेलकट बाटली फिरवून त्यांनी बाजू अशी चमकवली की लोक त्यात आपले केस नीट करायला लागले. धाकटीचं संपलं तेव्हा तिची बाजू स्वच्छ होती, पण त्यांच्यापुढे जरा फिकीच. व्यापारी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवणार, इतक्यात तिने पिशवीतून स्पिरिट काढलं, आपली बाजू घसघसून पुसली आणि व्यापाऱ्याला बॅटरी मारून बघायला सांगितलं. काही बदललं नव्हतं. मग तिने बाटली आणि फडकं पुढे केलं.

"भाऊजी, आता तुमची बाजू पुसा."

भाऊजींनी हात पुढे केला नाही. गरज नाही, म्हणाले. मग म्हणाले, स्पिरिटने रंग खराब होतो. कुणी हसेना. तेवढ्यात धाकटीच्या नवऱ्याने पुढे येऊन तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि थोरल्या भावाची बाजू पुसली. चमक फडक्यावर आली. खाली कोळ्याचं जाळं या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं होतं. धाकटीला नवऱ्याचं त्या क्षणी फार कौतुक वाटलं.

व्यापारी काम द्यायला तयार झाला. पण तिचं समाधान एवढ्यावर होणार नव्हतं. ती भाऊजींच्या अगदी जवळ गेली. म्हणाली, "शाळेच्या बाईंकडे चला. लाल गाडी कुणी जाळली ते सांगा. नाहीतर ही बाटली घेऊन मी तुमच्या एकेका गिऱ्हाइकाच्या दारात जाईन." भाऊजींनी डोळ्यांसमोर आपली सगळी गिऱ्हाइकं आणली असावीत. ते निमूटपणे निघाले.

बाईंच्या ओसरीत भाऊजींनी मान खाली घालून सांगितलं. ते वाक्य ऐकण्यासाठी धाकटी दोन वर्षं जगली होती, आणि तिने ते अक्षर अन् अक्षर चाखून घेतलं. बाईंनी मात्र चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "अहो, मला तेव्हाच कळलं होतं. रंगाचे लाल ठिपके तुमच्या शर्टावर उडाले होते. हिची साडी कोरी होती. म्हटलं, घरातलं भांडण, आपण कशाला पडा."

बाई पुढे म्हणाल्या, आता गाडी तुझ्याकडेच आणेन हं. "आणू नका," धाकटी म्हणाली आणि चपला घालून निघाली.

रस्ताभर तिच्या डोक्यात एकच शर्ट होता. ठिपके बाईंना दिसले. मग गॅरेजात आणखी कुणाला दिसले असतील? घरी आली तेव्हा नवरा ओट्याशी चहा टाकत होता, खुशीत होता, बायकोसाठी आज आपण काहीतरी केलं म्हणून. तिने पिशवी खाली ठेवली आणि अगदी सहज विचारलं, "अहो, लाल गाडी जळली त्या दिवशी भाऊजींच्या शर्टावर काय होतं?"

"लाल ठिपके," तो बोलून गेला, आणि चहाचा चमचा तसाच हातात राहिला.

धाकटी ओरडली नाही. पॉलिशच्या धंद्यात सर्वांत हलकं काम पॅड धुण्याचं. दिवसभर मळलेले फोम साबणाच्या पाण्यात चोळचोळून बोटांची सालं निघतात, आणि ते काम कुणालाच नको असतं.

"उद्यापासून तुम्ही भाऊजींकडे जायचं नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे यायचं. पॅड धुवायला."

त्याने मान डोलावली. किती दिवस, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही, आणि धाकटीने तरी ते कुठे ठरवलं होतं.