सोमवारचा वळेसर

आमच्या नातीला दर शनिवारी मॉलमध्ये जायचं असतं. काय आणायचंय म्हणून विचारलं तर म्हणते, "काही नाही गं आजी, नुसतं फिरायचं." लगेच तिची आई सुरू होते, आमच्या वेळी असलं नव्हतं, तसलं नव्हतं. मी मनात म्हणते, नव्हतं कसं? आमच्या वेळी मालवणचा बाजार होता आणि काही आणायचं नसताना त्यात नुसतं फिरायला जितकं आवडायचं, तितकं जगात दुसरं काही आवडत नव्हतं. फक्त लोक जुन्या दिवसांची आठवण काढून गोड हसतात ना, तसं मला जमत नाही. उलट डोकंच उठतं. का ते सांगते.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी दहावीत होते. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची. फिरायला आम्ही दोघी, मी आणि माझी मैत्रीण. वाडी एक, जातगोत एक, शाळेतला बाकही एक. तिच्या बापाचा स्वतःचा मचवा होता. माझा बाप दुसऱ्याच्या पडावावर नाव हाकणारा तांडेल. मुंबईची आगबोट बंदरापासून लांब उभी राहायची, तिथपर्यंत उतारू नेऊन पोचवायचे ते पडावातून. मैत्रीण गोरीपान होती, मी काळी. हे मी म्हणत नाही, अख्खी वाडी म्हणायची आणि आमच्या तोंडावर म्हणायची.

शाळा सुटली की घरी जायची वाट सरळ होती, पण आम्ही बाजारातून वळसा घालायचो. कधी दोऱ्याचा रीळ आणायचा असायचा, कधी शाई संपलेली असायची. शाई आमची फार लवकर संपायची. पहिला मुक्काम फोटोवाल्याच्या काचेपुढे. काचेत नवरानवरीचे, मुंजीच्या बटूंचे, कोटटोपीतल्या पुरुषांचे फोटो मांडलेले. त्यातला एक मिशाळ म्हातारा तिने माझ्यासाठी नवरा म्हणून ठरवून टाकला होता. "तुझो घोव आज रागावलेलो दिसता गो," असं म्हणायची आणि मी तिला बुक्का घालायची. तिथून कासाराच्या पायरीवर. समोरच्या हॉटेलात रेडिओ होता. बायकांनी हॉटेलात पाऊल टाकायची सोय नव्हती, म्हणून आम्ही पायरीवर बसून गाणी ऐकायचो आणि बसलोय कशाला ते दिसायला नको म्हणून बांगड्या चाळत राहायचो.

"घेवक नको, देवक नको, नुसती काकणां वाजयत बसतत!" कासार करवादायचा. पण उठवलं त्याने कधी नाही.

घरी गेलं की बोलणी ठरलेली. माझी आई एवढंच विचारायची, "खंय भोवत होतंस गो इतको येळ?" मैत्रिणीची आई मात्र जहाल. चेडवाच्या, म्हणजे मुलीच्या, जातीने बाजारात भोवायचं नाही, लोक नावं ठेवतात, उद्या कोण करून घेणार, असं ती अंगणातून ओरडायची ते आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजारात.

सोमवारी आठवड्याचा बाजार. गावागावांतून बायका भाजी, नारळ, सुकी मासळी घेऊन यायच्या. फाल्गुनाच्या सुमाराला सुरंगीचे वळेसरही यायचे. पिवळट कळ्यांचा गजरा तो, पण वास असा की बाई गल्लीतून निघून गेली तरी गल्ली घमघमत राहायची. माझ्या डोक्यात सुरंगी कधी आली नव्हती. आमच्या परसात अबोली होती, तीच माळायची.

त्या सोमवारी मी तिला बोलवायला गेले तर तिच्या आईने स्वतः तिची वेणी घातलेली, वर सुरंगीचा ताजा वळेसर माळलेला. आणि आम्हाला म्हणते कशी, "जावा गो बाजारात. वायच फिरान येवा. आणि वळेसार काढू नको हां."

मला आनंदच झाला. मैत्रीण मात्र वाटभर वळेसर चाचपत होती. फोटोवाल्याच्या काचेपुढे येऊन थांबली आणि एकदम म्हणाली, "शिरां पडो! माका बघूक कोणतरी इलेत."

"तुका कसा कळला?"

"आवस आपणहून बाजारात धाडता काय माका? कधी धाडल्यान? आणि वळेसार काढू नको म्हणता!"

मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे मुलगी चोरून बघायची पद्धत होती. रीतसर घरी बघायला येऊन नकार दिला तर मुलीचं नाव खराब होतं, म्हणून मुलाकडच्यांनी आधी बाजारात लांबून बघून घ्यायचं. खूण काहीतरी सांगून ठेवलेली असायची. इथे खूण होती वळेसर. सुरंगी माळलेली असेल ती आमची, असा निरोप कुणाकडून तरी गेलेला असणार.

ती रडायच्या बेताला आली. तिला मॅट्रिक व्हायचं होतं, मग मास्तरीण. शाळेत आमच्या बाई होत्या तशी छत्री घेऊन चालायचं होतं. हे तिने मला कासाराच्या पायरीवर कितीदा तरी सांगितलं होतं. लग्न ठरलं की शाळा बंद, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

तिने डोक्यातला वळेसर उपटला. "तू माळ. माका आज वाईट दिसाक व्हया."

मी कशाला नको म्हणते! तिनेच तो माझ्या वेणीत खोचला. मग स्वतःचे केस विस्कटले, तोंड वाकडं केलं आणि चक्क लंगडत चालायला लागली. मला हसू आवरेना. कापडाच्या दुकानाच्या पायरीवर जांभळ्या लुगड्यातली एक परकी बाई बसली होती आणि आमच्याकडेच बघत होती. मैत्रीण कुजबुजली, "तीच ती," आणि आणखी जोरात लंगडली. मी आपली सुरंगीच्या तोऱ्यात. गुळातलं खाजं घ्यायला थांबलो तर खाजेवाल्याने शिळं दिलं. मी त्याला भर बाजारात फैलावर घेतलं, ताजं दिल्याशिवाय हलले नाही. डोक्यात सुरंगी होती ना, मग काय! घरी जाईपर्यंत आम्ही दोघी हसून हसून मेलो. तिच्या अंगणात पाय ठेवायच्या आधी वळेसर पुन्हा तिच्या डोक्यात गेला.

पुढच्या आठवड्यात निरोप आला. चेडू पसंत आहे, रीतसर बघायला येतो. आम्ही दोघी चाट. "लंगडी पसंत केल्यानी?" ती म्हणाली. तिचा देवाला नवस बोलून झाला, माझा धीर देऊन झाला. पाहुणे यायच्या दिवशी तिने मला सोबतीला बोलावलं. "तू आत रव गो. तू आसलंस काय माका बरां वाटता."

पाहुणे आले. तीच जांभळ्या लुगड्यातली बाई, मुलाची आई. मुलगा मुंबईला गोदीत कामाला, तो आला नव्हता. मैत्रीण चहा घेऊन बाहेर गेली. मी पोह्यांच्या बशा घेऊन दाराआड उभी. त्या बाईने तिच्याकडे बघितलं, आणखी एकदा बघितलं आणि कप खाली ठेवला.

"ह्यां न्हय," ती म्हणाली. "ह्यां लंगडां. त्या दिसा वळेसार माळलेलां चेडू खंय आसा?"

मैत्रिणीच्या आईचा जो भडका उडाला! "लंगडां? माझा चेडू लंगडां? कोण म्हणता? चल गो, चलान दाखय!"

आणि चारचौघांसमोर तिला चालायला लावलं. भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत. मला वाटलं ही आता लंगडणार. सुटायची ही तर वेळ होती, सकाळपासून तेच तर मागत होती. पण ती लंगडली नाही. मान ताठ करून, पदर सारखा करून सरळ चालली. मी दारातून बघत होते. तिला त्या घटकेला पसंत पडायचं होतं. कुणी काही म्हणो, मी तिला ओळखत होते.

बाईने सगळं बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "बरां आसा चेडू. पण माका तां व्हया." तिचं बोट दाराकडे होतं. माझ्याकडे.

संध्याकाळी ती माणसं आमच्या घरी. खाजेवाल्याशी मी भांडले ते त्या बाईला भारी आवडलं होतं, मुंबईत असलीच सून टिकते म्हणे. माझा बाप अंगणात नाचायचा बाकी राहिला. "आमच्या काळ्या चेडवाक मुंबयचो घोव! देव पावलो गो!" असं तो शेजारीपाजारी सांगत सुटला. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मलाही उकळ्या फुटत होत्या. गोरीला बाजूला सारून कुणीतरी काळीकडे बोट दाखवलं होतं! सकाळी आईने दप्तर उचलून फळीवर ठेवलं. "आता खंयची शाळा गो?" ती म्हणाली, तेव्हा त्या उकळ्या जागच्या जागी विरल्या. परीक्षा तोंडावर आली होती. गणित मला मैत्रिणीपेक्षा चांगलं यायचं. ते मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. छत्री घेऊन चालायचं ती म्हणायची तेव्हा मी नुसती हसायची, पण मनात तिच्या शेजारून मीही चालत असायची.

मी धावत तिच्याकडे गेले. म्हटलं, तू सांग तुझ्या आवशीला, तू सांग सगळ्यांना, वळेसर तुझा होता, आपण मस्करी केली, तू लंगडत नाहीस. ती विहिरीवर भांडी घासत होती. मान वर केली नाही.

"तुका राग कसलो इलो?" मी म्हटलं. "तुका नकोच होता ना तो घोव?"

"नको मी म्हणूचा होता," ती म्हणाली. "तेंनी कित्याक म्हटल्यानी?"

नकार तिने द्यायचा होता, दिला त्यांनी. ती शाळेत जात राहिली, पण वाडीतल्या पोरांनी तोवर तिचं नाव लंगडी ठेवलं होतं. ती रस्त्याने चालली की पोरं मागून लंगडत चालायची. मी अंगणातून दगड घेऊन धावायची त्यांच्यावर, मेल्यांनो म्हणून शिव्या घालायची. ती मागे वळूनसुद्धा बघायची नाही. माझ्याशी बोलणं तिने बंद केलं ते केलंच. मला तर लग्न ठरल्यामुळे घराबाहेर पडायची बंदी. दुपारी हॉटेलात रेडिओ लागला असेल, असं वाटून मी परसात उभी राहायची. तिथून काही ऐकू येत नव्हतं.

परीक्षा चालू होती तेव्हा मला हळद लागली. पुढे मी मॅट्रिक झाले, मुंबईत रात्रशाळेत, पदरात दोन मुलं असताना. त्याचं कौतुक मला कुणी सांगू नये. मला माझ्या बाकावर बसून मॅट्रिक व्हायचं होतं, तिच्या शेजारी.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आगबोट होती. बंदराकडे जायची वाट बाजारातून. पुढे वऱ्हाड, मागे मी, अंगावर शालू. सुरंगीचे दिवस सरत आले होते, पण सुनेच्या डोक्यात सुरंगीच हवी, असा सासूबाईंचा हट्ट, म्हणून आईने कुठून तरी एक शेवटचा वळेसर मिळवून माळला होता. फोटोवाल्याची काच गेली. माझा मिशाळ म्हातारा अजून तिथेच होता. मला हसू आलं आणि हसायला शेजारी कुणी नव्हतं.

ती कासाराच्या पायरीवर बसली होती. मला बघून उठली, खाली उतरली आणि वऱ्हाडातून वाट काढत माझ्यापुढे येऊन उभी राहिली. माझ्या तोंडाकडे तिने बघितलं नाही. डोक्याकडे बघितलं.

"ह्यो माझो," ती म्हणाली.

एवढे दिवस एक शब्द नाही, आणि आज हा! माझं डोकं फिरलं. माझी शाळा गेली, माझी मैत्रीण गेली, मी निघाले परक्या माणसाबरोबर परक्या गावाला, आणि हिला वळेसर हवा! "मगे घी तुझो तुका!" म्हणत मी तो उपटला. आकडे निघाले, केस निघाले. आई ओरडली, "गो, काय करतंस! नव्या नवरेन डोक्यातलां फूल काढूचा नसता!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

मला वाटलं ती तो फेकून देईल. तिने दोन्ही हात वर करून तो आपल्या वेणीत माळला, सावकाश, नीट, सगळ्या बाजारासमोर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. आता ही म्हणेल, चल गो, काचेत बघूया कशी दिसते, असं मला वाटलं. ती म्हणाली असती तर मी गेले असते, शालूसकट गेले असते.

बंदरावरून बापाची हाक आली. पडाव भरला होता, माझ्यासाठीच थांबला होता. ती वळेसर माळून बाजारात उभी राहिली, आणि पडावात जाऊन बसले मी.