प्रभुभोजनाचा रविवार

औशात साडीला फॉल लावायचा तर सिंधुकडेच, असं बायका म्हणतात. हात सफाईचा आणि चहाडीची सवय नाही. शिलाईवालीत एवढे गुण म्हणजे चैनच. तरी तिच्या आजाराचा विषय निघाला की याच बायका आवाज उतरवतात. लातूरच्या डॉक्टरांनी त्याला बायपोलर म्हटलं. सिंधु सोप्यात सांगते : कधी मन आभाळाला टेकतं, झोप उडते, आणि मग कितीतरी महिने उंबरा ओलांडवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिनं उपास-प्रार्थना धरली. गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, म्हणून गोळ्याही सुटल्या. असलं शहाणपण आम्हा ख्रिस्ती मंडळीतल्या लोकांनाच सुचतं! थोड्याच दिवसांत ती घरोघरी पाळीनं भरणाऱ्या घरसभेत अशी प्रार्थना करू लागली की ऐकणारे रडायचे. ‘पवित्र आत्म्यानं भरली’ म्हणत लोक आजारी पोरं तिच्यापुढं आणू लागले. सिंधुला तर देव शेजारच्या पाटावर येऊन बसल्यासारखा वाटायचा.

तेव्हा भर सभेत रत्नम्मा उठली. ही देगलूरकडची, अंगणवाडीत मदतनीस, सिंधुची वीस वर्षांची मैत्रीण.

“बास करा! ह्यो आत्मा न्हाई, हिची तब्येत हाय. झोपेविना मरून राहिली ही, अन् तुम्ही आमेन काय म्हणताव?”

तिनं सिंधुचं मनगट धरलं आणि थेट लातूरचा दवाखाना गाठला.

सिंधु बरी होऊन परतली. घरसभेची पाळी आता तिचं घर सोडून पुढं जाते. ‘भरली’ म्हणणारे रस्त्यात भेटले तर ‘जय ख्रिस्त’ म्हणून भराभर निघून जातात. त्याचं तिला वाईट वाटतं, पण राग आला तो एकट्या रत्नम्माचा. बोलणंच तुटलं.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. मनात भांडण असेल तर आधी समेट कर, मग ये, असं पाळकसाहेब दर खेपेला बजावतात. ते मनावर घ्यायचं तर अर्धं चर्च बाकावरच बसेल. लोक ऐकतात आणि उठतात. सिंधु मात्र बसून राहिली. पलीकडं बघते तर रत्नम्माही बसलेली. पुढच्या महिन्यातही तेच झालं, त्याच्या पुढच्याही.

मग एका रविवारी रत्नम्माच तिच्या बाकावर येऊन टेकली.

“किती दिस अशी बसणार?”

“तू माफी मागस्तोर.”

“दवाखान्यात नेलं त्याची? न्हाई मागणार. परत तसं झालं तर परत नेईन.”

“त्याची कोण मागतंय? त्याच्यामुळं तर जिती हाय.” सिंधु तिच्याकडं वळली. “पण आत्मा न्हाई म्हणालीस, समद्यांसमोर. सगळ्या जिंदगीत एकदाच देव माझ्याजवळ बसला व्हता, रत्ना. त्यो बी आजारच असंल, तर माझ्याकडं ऱ्हायलं काय?”

‘देवच होता’ म्हणून मोकळं होणं सोपं होतं. रत्नम्माला ते जमेना.

“तुझं मन राखायला खोटं बोलू? देव व्हता का न्हाई, मला ठाव न्हाई. मला तुझे सुकलेले व्हटच दिसत व्हते.”

सिंधुनं मान हलवली. खरं होतं ते. पण ऐकून तिला आणखीच एकटं वाटलं.

त्यांच्या रांगेची पाळी आली. रत्नम्मानं तिचा हात ओढला. “बोललो न्हवं आता? चल.”

सिंधुनं हात सोडवून घेतला. “तू जा. माझं अजून मिटलं न्हाई. मिटल्यावानी कशी येऊ?”

रत्नम्मा एकटीच निघाली. वेदीच्या कठड्यापाशी लोक गुडघे टेकत होते. तिची पाठ लांब जाताना सिंधुला दवाखान्यातली आपली एकटीची खाट आठवली आणि तिनं नजर खाली वळवली. तिच्या आजूबाजूचा बाक सगळा रिकामा झाला होता.

पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा पुढं केला. रत्नम्मा थांबली. तिनं मान हलवून नको म्हटलं, आणि सगळ्यांच्या देखत माघारी चालत आली.

“सरक जरा,” ती सिंधुला म्हणाली.