गुळाआड लपलेली धार

ठाण्याच्या आवारात चहाचा स्टोव्ह पेटवून मी आयुष्यात एकच तपास केला. तो आजही जसाच्या तसा आठवतो. तेव्हा मी मुळशीत निरीक्षक होतो.

सोमवारी सकाळी दवाखान्यातून वर्दी आली. माले गावाजवळच्या एका फार्महाउसवर आदल्या दुपारी बियर पिऊन एक तरुण बेशुद्ध पडला होता आणि अजून शुद्धीवर आला नव्हता. पाठोपाठ पोलीस पाटलाचा फोन आला. फार्महाउसच्या मालकाने डोंगरावरच्या वाडीतल्या एका म्हातारीकडून मोहाची दारू नेली होती म्हणे. विषारी दारू म्हटलं की भल्याभल्या अधिकाऱ्यांचं धाबं दणाणतं, माझंही दणाणलं. तासाभरात म्हातारी ठाण्यात हजर. मी जबाबाचा कागद ओढला, शिक्षणाच्या रकान्यात न विचारताच 'निरक्षर' लिहिलं आणि मोकळा झालो.

मालक हिंजवडीतला इंजिनिअर. घरी बियर बनवायचा त्याला छंद. वीस लिटर बियरमध्ये त्याने म्हातारीची पाच लिटर दारू ओतली होती, तीही पहिल्या धारेची, म्हणजे भट्टीतून सुरुवातीला उतरते ती सगळ्यात कडक. वर मोहाचा वास मरावा म्हणून गुळाचा घट्ट पाक.

"सर, मिसळल्यावर मी स्वतः मोजलंय," तो ठासून म्हणाला. "पाच टक्केच आहे. चार मगांनी कोणी बेशुद्ध पडत नाही. हिच्या दारूतच विष असणार."

पुरावा म्हणून त्याने आपलं यंत्र टेबलावर ठेवलं. द्रवात तरंगणारी, आकडे असलेली काचेची नळी. मला ते पटलं. यंत्र खोटं कशाला बोलेल? मी म्हातारीवर अजामीनपात्र कलम लावायची तयारी सुरू केली.

तिला मी उलटसुलट विचारलं, दरडावलंही. ती एकच सांगत होती, त्याच दारूतली तिच्या घरच्यांनीही घेतली आणि सगळे कामावर गेलेत. हवालदार वाडीवर जाऊन बघून आला, ते खरं निघालं. मग तिनेच इंजिनिअरला नळीचं काम विचारलं. त्याने वैतागून सांगितलं, गोड असेल तर नळी वर येते, दारू असेल तर खाली जाते. म्हातारीने नळी उचलून उजेडात धरली.

"सायब," ती म्हणाली, "दारूनं खाली वडली, गुळानं वर उचलली. काच मधीच ऱ्हायली. तिला काय कळनार? दारू उडवून लावा, मंग बुडवा."

बियरचे नमुने सील करून आधीच प्रयोगशाळेकडे रवाना झाले होते. उरलेल्यातली थोडी पंचांसमोर पातेल्यात घेतली. तिने कोळशाने आतून पातळीची खूण करायला लावली, मंद आचेवर निम्मं आटवलं, गार होऊ दिलं आणि पुन्हा खुणेपर्यंत साधं पाणी घातलं. गूळ होता तेवढाच राहिला, दारू तेवढी गेली. नळी सोडली तर ती पहिल्यापेक्षा चांगलीच वर आली! इंजिनिअरने दोन आकड्यांतल्या फरकावरून मोबाइलवर गणित केलं, मग पुन्हा केलं. चौदा टक्के.

आम्ही तोंडी हिशोबही करून पाहिला. वीस लिटर बियरमध्ये निव्वळ दारू एक लिटर, मोहाच्या पाच लिटरांत निम्मी धरली तर अडीच. पंचवीस लिटरांत साडेतीन, म्हणजे चौदा टक्केच. पोरगा चार मग समजून अकरा-बारा मगांएवढी प्यायला होता. इंजिनिअरने मोबाइल खिशात टाकला. मी तर थक्क झालो होतो, आणि खरं सांगतो, मान वर करून तिच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

संध्याकाळी पोरगा शुद्धीवर आला. पुढे रासायनिक विश्लेषणाचा अहवालही आला, विष नव्हतं. दारूबंदी कायद्याखालचा गुन्हा मात्र मी तिच्यावर नोंदवला, तो चुकत नव्हता. तिचीही तक्रार नव्हती.

"ते हायच की," म्हणत तिने जबाबावर अंगठा उमटवला.

अंगठ्याच्या वरच माझ्या अक्षरात 'निरक्षर' होतं. कागदाला तोच शब्द लागतो, म्हणून मी तो खोडला नाही. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक जबाबात तो रकाना मी सगळ्यात शेवटी भरला.