दाजींनी लावलेली हरळी

मे १९९४, शेवटचा रविवार, सकाळी साडेसहा. हजर: माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, ओसरीवर खुर्चीत; तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, अंगणात, हातात फावडं; बांधशेजारी नाना; कामाला आलेल्या दोन बाया; आणि मी, जालन्याच्या एका शाळेतली मुख्याध्यापिका, हातात वही. हजेरी मांडायची सवय मला जुनीच आहे, पण त्या दिवशीची मी दोनदा तपासली. धावड्याच्या शिवारात, दाजींच्या शेतातल्या घरासमोर, दाजींच्या स्वतःच्या हातानं हरळी लावली जाणार होती. याला साक्षीदार कोण कोण होते हे कुठंतरी लिहून ठेवणं मला गरजेचं वाटलं.

कारण भोकरदन तालुक्यात हरळीचा दाजींइतका कडवा वैरी झाला नाही आणि होणारही नाही. ज्यांनी शेती केली नाही त्यांच्यासाठी सांगते. हरळी म्हणजे ते बारीक पात्यांचं, जमिनीवर सरपटणारं गवत. त्याच्या जमिनीतल्या मुळांना काश्या म्हणतात, आणि एक काशी रानात राहिली की दोन पावसाळ्यांत पीक मागे आणि हरळी पुढे. बाकीचे लोक ती खणतात, दमतात आणि सोडून देतात. दाजी दमले नाहीत. उन्हाळ्यात नांगरट झाली की ते ढेकळामागून ढेकूळ फोडत काश्या वेचायचे, दगडावर वाळवायचे, जाळायचे, आणि राख खरंच थंड झाली का हे बघायला पुन्हा एकदा जायचे. पाहुणा रानात निघाला की आधी त्याच्या चपलांचे तळ तपासायचे; माझ्या यजमानांचे बूट त्यांनी ओसरीवरच ठेवून घेतले आणि त्यांना अनवाणी ज्वारी दाखवली. गणपतीला दुर्वा लागतात, आणि दुर्वा म्हणजे हरळीच. तेव्हा दाजी एकवीस दुर्वा मोजून ताईच्या हातात द्यायचे आणि विसर्जनाला मोजून परत घ्यायचे. एका वर्षी वीसच भरल्या. एकविसावी मूर्तीच्या उंदराखाली सापडेपर्यंत गणपतीला घराबाहेर पडू दिलं नाही. खुद्द त्यांच्या लग्नात, मी तेव्हा परकरात होते, मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटावरून दिसणारा नवरदेवाचा फेटा एकदम दिसेनासा झाला. अंतरपाट दूर झाला तेव्हा दाजींच्या एका हातात हार होता आणि दुसऱ्या हातात मांडवाच्या जमिनीतून उपटलेली हातभर काशी. "गळ्यात कोणतं घालतेत याचीच मला धाकधूक," ताई पुढे कितीतरी वर्षं सांगायची.

नानांशी बोलणं तुटलं तेही यावरूनच. नानांच्या बांधावर हरळी सुखानं नांदत होती. दाजी एकदा बांधावर उभे राहून म्हणाले, "नाना, तुमची हरळी माझ्या रानात येऊन राह्यली, आवरा तिला." नाना म्हणाले, "गवत हाय ते. दावं लावू का त्याला?" त्यानंतर दोन्ही घरांत लग्नं झाली, मयती झाल्या, पण हे दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आपल्या अंगणाच्या आणि रानाच्या मध्ये दाजींनी मुरुमाचा चार हात रुंद पट्टा ठेवला होता. तो ते रोज खुरप्यानं खरवडायचे. त्या पट्ट्यावर मुंगी चालायची, पण गवत नाही.

अशा माणसाच्या घरात ताई अंगणातल्या शहाबादी फरशीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. जालन्याला ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण भीती बसली. सहा महिने झाले तरी ती खुर्चीतून उठेना. जमीन दिसली की डोळे मिटून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, पाय बरा आहे, आता चालल्या नाहीत तर मात्र कायमच्या बसतील. हे ऐकून आम्ही बाहेर आलो. दवाखान्यासमोर हिरवळीचा तुकडा होता. मी रिक्षा बघायला गेले आणि वळून बघते तर ताई दाजींचा हात धरून त्या हिरवळीवर उभी. तिनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. "इथं पडलं तर लागंल न्हाई," ती म्हणाली. दाजी तिच्या पायांकडे बघत होते. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "मास्तरीणबाई, आपल्याला अंगणात असं पाह्यजे. जल्दी."

मी लगेच यादी केली: ऊन किती, पाणी किती, माती कोणती, कोण टिकेल. दुसऱ्या दिवशी आम्ही औरंगाबाद रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत गेलो. तिथल्या माणसानं आधी एक मऊ मखमली गवत दाखवलं आणि स्वतःच म्हणाला की हे सावलीचं, आपल्या उन्हात आठ दिवस जगणार नाही. दुसऱ्याला रोज दोनदा पाणी. "तुमच्याकडं विहीर किती?" त्यानं विचारलं. "मे महिन्यात कळशी बुडंल इतकी," दाजी म्हणाले. "मंग काका, तुम्हाला एकच चालंल. ऊन खातं, तहान सोसतं, तुडवलं तर आणखी दाट होतं." त्यानं पाठीमागून मातीसकट कापलेल्या गवताची एक हिरवीगार लादी आणून दाजींच्या हातात दिली.

दाजींनी ती उलटी केली. बोटानं माती उकरली. एक पांढरी काशी ओढून तिचा वास घेतला. मग तिथल्या कुंड्यांच्या कठड्यावर बसले. "ही हरळी हाय," ते म्हणाले. तो म्हणाला, "काका, हिला बर्म्युडा म्हणतेत." दाजी कठड्यावरून उठले. "नाव बदलून विकून राह्यले का तुम्ही हिला?" आयुष्यभर जिला जाळलं ती इथं फुटाच्या भावानं विकली जात होती, आणि आम्ही रिकाम्या हातानं धावड्याच्या जीपमध्ये बसलो.

जीपमधून उतरल्यावर ते घराकडे वळलेच नाहीत. तडक नानांच्या ओसरीवर गेले. मी मागोमाग. नाना चहा पीत होते. बशी ओठांशी तशीच राहिली.

"या," नाना म्हणाले. "वाट चुकले का?"

"हरळी पाह्यजे," दाजी म्हणाले.

"काय पाह्यजे?"

"हरळी. तुमच्या बांधावरली. आसंल तितकी. माझ्याकडं बिलकुल न्हाई."

नानांनी बशी खाली ठेवली. "कोर्टात दाखवायला का?"

मग मीच पुढे होऊन सगळं मुद्देसूद सांगितलं. नाना ऐकत होते, पण बघत होते दाजींकडे. "वैनी उठंनात का अजून?" त्यांनी विचारलं. दाजींनी मान हलवली. "मंग गाडी लावतो," नाना म्हणाले.

त्या रविवारी उजाडायच्या आत बैलगाडी आली. फावड्यानं कापलेल्या लाद्या नीट रचलेल्या, वर ओलं गोणपाट, आणि पुढं एक नारळ नि खण. "लेक सासरी आणली," नाना म्हणाले. "नीट नांदवा. परत घेणार न्हाई." दाजींनी नारळ ओसरीवर ठेवला. माझ्या वहीत अकरा कामं होती: फरशी काढणे, खडे वेचणे, चाळलेली माती आणि शेणखत पसरणे, पाणी मारून दाबणे, इथपर्यंत आदल्या दिवशी झालं होतं. आता लाद्या मांडायच्या, विटांसारखे सांधे चुकवून. पहिली लादी दाजींनी उचलली, झटकली, माती पाडली, आणि काश्यांचा झुबका शेजारच्या दगडावर वाळत टाकला. दुसरीचं तेच. तिसरीला मी त्यांचा हात धरला. नाना म्हणाले, "राव, मारायची न्हाई. लावायची." आणि ओसरीवरून आवाज आला. ताई हसत होती. सहा महिन्यांत ते आम्ही ऐकलं नव्हतं. दाजी खाली बसले आणि चौथी लादी त्यांनी जमिनीवर ठेवली, वरून तळहातानं दाबली, आणि पाण्यानं भरलेलं पिंप त्यावरून आडवं लोळवलं.

आंघोळीचं, भांड्यांचं, हात धुतलेलं, सगळं पाणी हरळीला. दुपारी वर ओली गोणपाटं. मृगाच्या सुमाराला ताई ओसरीची पायरी उतरली. ती हिरवळीच्या कडेपर्यंत जायची आणि अलीकडूनच वळायची. उघड्या मातीवर पाय टाकायची नाही. तेव्हा दाजींनी एक युक्ती केली. सकाळी ती उठायच्या आत लाद्यांची एक ओळ वाढवायची. "तिला सांगायचं न्हाई," मला बजावलं. ताईनं मला त्याच दिवशी सांगितलं, "काल तुळस गवताच्या बाहेर होती, आज आत आली. ह्यांना वाटतं मला दिसत न्हाई." ती रोज एक ओळ जास्त चालायची आणि तेही कुणाला सांगायची नाही.

दिवाळीला गेले तेव्हा हिरवळ त्या खरवडलेल्या पट्ट्याशी येऊन थांबली होती. पलीकडे कापूस फुटला होता. ताई कडेला उभी राहून म्हणाली, "वेचणीला एकदा तरी जायचं होतं." दाजी खुरप्यानं पट्टा खरवडत होते. मी उपाय काढले: फळ्या टाका, गोणपाट अंथरा, काथ्याची चटई आणते, नाही तर आम्ही दोघं धरून नेतो. प्रत्येकाला दाजी "बराबर हाय" म्हणाले. सकाळी उठून बघते तर पट्टा हिरवा. नुसता पट्टा नाही. कपाशीच्या दोन ओळींमधून, रानाच्या पोटात, लाद्या गेलेल्या. मला धक्का बसला. ताई त्यावरून चालत पुढे निघाली होती, ओच्यात कापूस.

"दाजी, हे काय केलं तुम्ही? ती थांबेल का आता?"

दाजी ताईकडे बघत होते. "न्हाई," ते म्हणाले. "आता न्हाई थांबायची."

ताई पुढची सहा वर्षं त्या वाटेनं रोज रानात गेली. तिला जाऊन आता दोन वर्षं होत आली. हरळी चांगली दोन एकरांत शिरली आहे आणि दाजी तिच्या कडेकडेनं पेरतात. मी दर खेपेला विषय काढते. गेल्या मे महिन्यात मी सगळी व्यवस्था लावून गेले होते: नानांचा ट्रॅक्टर बांधावर उभा, खुरपी घेऊन दोन बाया ओसरीत. दाजींनी सगळ्यांना चहा दिला. "एवढा पावसाळा जाऊ द्या," म्हणाले. नाना ट्रॅक्टर वळवून घेऊन गेले. बाया दिवसभर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या आणि संध्याकाळी घरी गेल्या. हरळी काढायची राहिली आहे.