जीनच्या फाटकावरची दवंडी

"बोलाव तिच्या बापाला," अध्यक्ष म्हणाले.

आम्ही मांगवाड्यातल्या बाया कमेटीच्या कचेरीच्या पायऱ्यांखाली उन्हात उभ्या होतो. वर पडवीत खुर्चीवर वकीलसाहेब. तेच आमच्या गावच्या म्युनिसिपल कमेटीचे अध्यक्ष. आजूबाजूला मेंबर बसलेले, पान खात. चपराशानं माझ्या बाला दंडाला धरून पुढं आणलं. कमेटीची दवंडी बा वाजवायचा. गळ्यात डफडं तसंच होतं.

"जागेची दवंडी वाजवली होतीस की नाही?"

"वाजवली जी."

"ऐकलंस?" साहेब माझ्याकडे वळले. "तुझ्याच बापाचं डफडं तुला ऐकू येत नाही आणि कमेटीवर आळ घेतेस? घरी जा, त्याचे पाय धर. म्हणावं, पुढल्या वेळी माझ्या कानापाशी वाजव."

सगळे हसले. चपराशीसुद्धा. बानं मान वर केली नाही.

मी परत फिरली.

झालं होतं ते असं. आमचा मांगवाडा कापसाच्या जीन कारखान्याच्या मागं. दोन पिढ्या तिथं राहिलो. आमच्यातल्या निम्म्या बाया त्याच जीनमध्ये राबायच्या, मीही. एका सकाळी माणसं आली आणि चुन्याची रेघ मारत चालली. रेघ माझ्या चुलीवरून गेली. चूल पेटलेली होती. त्यांनी जाळ विझायचीही वाट पाहिली नाही.

"काहून जी, हे काय करून रायले?" मी विचारलं.

"ही जागा आता कारखान्याच्या हद्दीत. राहण्याची नाही. कमेटीनं ठरवलं."

"आमाले कोनी विचारलं?"

"दवंडी झाली. हरकत घ्यायची मुदत होती. कोणी आलं नाही. मुदत संपली."

म्हणून आम्ही कचेरीत गेलो होतो. आणि हसं करून घेऊन परत आलो.

घरी आल्यावर मी बावर ओरडली. जन्मात ओरडली नव्हती. "आपलंच घर गेलं बा! तू वाजवलं अन् मले सांगितलं नाई?"

बा म्हणाला, "चपराशानं मले जीनच्या फाटकावर नेलं. भर दुपारी. मशिनी चालू. वाज म्हने, मी वाजवलं. तो कागद धरून तोंड हालवत होता. मी बाजूले उभा, मलेच नाई आयकू आलं."

मला आठवलं. त्या दुपारी मी आत रेच्यावर, सरकी काढायच्या मशिनीवर होती. कापसाचा धुरळा, नाकातोंडाला फडकं, आवाज असा की शेजारणीला हाक मारायची तर अंग हलवावं लागे. फाटकात बा दिसला होता. हात डफड्यावर पडत होते, आवाज नव्हता. मला वाटलं, बा माझी भाकर घेऊन आला, डफडं वाजवून मला बोलावतो.

"पन तू विचारलं काहून नाई, काय हाय त्यात?"

"जनमभर वाजवलं पोरी," बा म्हणाला. "मले सांगतं कोन?"

त्या शब्दानं माझ्या डोक्यातला राग जागच्या जागी फिरला. बाकडून सुटला. कुणाकडे गेला पाहिजे ते मला नीट दिसलं. गावभर जाहीर झालं असं लिहायला त्यांना बाचे हात हवे होते. आमचे कान नको होते.

जागा जीनला द्यायची शेवटची सभा अजून व्हायची होती. तिचीही दवंडी कायद्यानं द्यावी लागे. चपराशी परत आला.

"चाल रे, जीनच्या फाटकावर."

बा उठला. मी दारात आडवी उभी राहिली.

"बा नाई येनार."

"तू कोन वं?"

"आदी सांग, काय हाय त्यात. मंग पाहू."

"कमेटीच्या कामात मांगीण विचारते?"

"हो. विचारते."

त्यानं शिवी दिली. पण मागं आमच्या बाया जमल्या होत्या. शेवटी पुटपुटला, सोमवारी सभा, जागेची मंजुरी. तेवढं मला पुरे होतं. बाच्या गळ्यातलं डफडं मी काढलं. बानं अडवलं नाही.

मी बाजारात गेली. बाईच्या हातात डफडं पाहून लोक थांबले. कोणी शीळ घातली. मला वाजवता येत नव्हतं, वेडंवाकडं बडवलं. आणि ओरडली, "कमेटी आमची जागा जीनले देऊन रायली! सोमवारी! ज्याले पाहाचं त्यानं या!"

भाजी विकणारी एक माळीण उठली. तिचा मळा आमच्या वस्तीला लागून. "आमचा मळा बी हाय का त्यात?"

"रेघ तुमच्या विहिरीवरून गेली माय. पाहून ये."

सोमवारी माळ्यांचा घोळका आला. आम्हीही. ते आमच्यापासून अंतर राखून उभे राहिले. पण आले.

मी पायऱ्या चढली. आत जाजम अंथरलं होतं, त्याच्या कडेला बसली.

"हिला उठवा," साहेब म्हणाले.

"सभा उघडी हाय म्हनता ना जी?"

"जाजम बाटलं. ओढा ते."

चपराशानं जाजम माझ्याखालून खेचलं. मी कलंडली, कोपर फुटलं. बाहेर कोणी तरी हसलं. मी सावरून फरशीवर बसली. उठली नाही. मग आमच्या बाया एकेक करून वर आल्या आणि माझ्यामागं बसल्या.

ठराव मोठ्यानं वाचावा लागला. मेंबरांनी हात वर केले, आमच्या तोंडावर. कोणी छताकडे पाहत होता, कोणी पायाकडे. मंजूर झालं.

रेघ माळ्यांच्या विहिरीपाशी वाकवून घेतली. त्यांचा मळा वाचला. ती माळीण आता बाजारात मला पाहून टोपली नीट करत बसते. आमची घरं पाडली. आम्हाला दिलेली जागा नाल्याकाठची, गावाची मेलेली ढोरं टाकायची. घराचा पाया खणताना हाडं निघाली. बाचं काम गेलं. मला जीनच्या फाटकातून आत घेत नाहीत.

जिंकलो असं मी कोणाला सांगत नाही.

पण कमेटीची सभा असली की मी जाते. फरशीवर बसते. वाचणारा तोंडातल्या तोंडात बोलला की म्हणते, "मोठ्यानं वाचा जी." साहेब चिडतात. दोनदा बाहेर काढलं, दोनदा परत आत गेली. आता माझ्यासोबत वस्तीतल्या चार पोरी येतात. त्यांना मी एवढंच शिकवलं आहे, जो हात वर करतो त्याच्या तोंडाकडे पाहायचं, नजर काढायची नाही.

आमचं वाईट करायचं असेल तर आमच्या समोर करा. पाठीमागं आता काही ठरू देणार नाही. मी मरेपर्यंत नाही. माझ्यानंतर ह्या पोरी आहेत.